सामाईक विहीर आणि संगणकाची साफसफाई

वऱ्हाडातील जुन्या वाड्यांची वाटणीपत्रे पाहिली, तर त्यांत एक शब्द वारंवार आढळतो. खोल्या, माडी, कोठार ही भावाभावांत वाटली जातात. विहीर, मधला बोळ आणि पाठीमागची भिंत यांच्यापुढे मात्र ‘सामाईक’ असे लिहिलेले असते. एक भाऊ बिऱ्हाड हलवून अमरावतीस गेला, म्हणून त्याच्या वाट्याची विहीर बुजविता येत नाही. तिच्यावर उरलेल्यांचे पाणी असते. व्यापारी कुटुंबांना हा न्याय कोणी शिकवावा लागत नाही. परंतु दुकानाच्या संगणकातही अशाच सामाईक विहिरी असतात, हे पुष्कळदा त्या बुजविल्यानंतरच ध्यानात येते.

एक उदाहरण घेऊ. मुंबई-हावडा लोहमार्गावरील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या व्यवहारावर येथील बाजारपेठ चालते. अशा बाजारातील एखाद्या अडतीच्या पेढीवर एकच संगणक असतो. रोजमेळ, खतावणी, बिले, जीएसटीची विवरणपत्रे, कापलेल्या कराचे हिशेब आणि घरातील लग्नाच्या आमंत्रणाची यादी, सारे त्या एका यंत्रात. दिवाळीपूर्वी दुकानाची झाडलोट होते, तशी पुण्याहून सुटीवर आलेला मुलगा संगणकाचीही साफसफाई करू लागतो. यादीत एकाच नावाच्या दहा-बारा नोंदी दिसतात. त्या दुबार आहेत, असे समजून तो त्या काढून टाकतो. ‘जावा’ नावाचे काही दिसते. ते कोणी वापरत नाही, म्हणून तेही जाते. संगणक हलका झाल्याचे समाधान एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी बिलाचा प्रोग्राम उघडत नाही, आणि कराचे विवरणपत्र तयार करणारे साधन मुके होते.

या उदाहरणातील वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कापलेल्या कराचे, म्हणजे टीडीएसचे, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावयाचे असते. दिवाळीची साफसफाई बहुधा याच सुमारास येते. विवरणपत्रास उशीर झाला, की दर दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या दलालाच्या दलालीतून किंवा जागेच्या मालकाच्या भाड्यातून कर कापला, त्याच्या खात्यावर तो विवरणपत्र भरेपर्यंत दिसत नाही. पैसा आपला अडकला तर तो आपला प्रश्न असतो. दुसऱ्याचा अडकला, की पेढीच्या पतीचा प्रश्न होतो.

सामाईक घटक म्हणजे काय

संगणकातील प्रत्येक प्रोग्राम स्वतःचे सर्व काम स्वतः करीत नाही. पडद्यावर खिडकी उघडणे, आकडेमोड करणे, तारीख लिहिणे, कागद छापणे ही कामे सर्वांना सारखीच लागतात. ती प्रत्येकाने वेगळी लिहून घेण्यापेक्षा एकदाच लिहून एका जागी ठेवावी आणि सर्वांनी तेथून वापरावी, ही कल्पना जुनी आहे. विंडोज प्रणालीत अशा फायलींना ‘डीएलएल’ म्हणतात. ज्या काळात संगणकाची साठवण फार थोडी होती, त्या काळात यामुळे जागा वाचत असे. आजही याचा लाभ आहे: सामाईक फायलीतील दोष एकदा दुरुस्त केला, की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व प्रोग्रामांना ती दुरुस्ती मिळते.

परंतु सामाईक वस्तूचा एक प्रश्न असतो. ती अजून कोणाला हवी आहे, हे कोणी पाहावयाचे? विंडोजने यासाठी वही ठेवली. विंडोज ९५ च्या काळापासून प्रणालीच्या नोंदवहीत, जिला ‘रजिस्ट्री’ म्हणतात, सामाईक फायलींचे एक स्वतंत्र पान आहे. नवा प्रोग्राम आला आणि त्याला ती फाईल लागली, की तिच्या नावापुढील आकडा एकाने वाढवावयाचा. प्रोग्राम काढला, की एकाने कमी करावयाचा. आकडा शून्यावर आला, की संगणक विचारतो: ही सामाईक फाईल आता कोणी वापरत नाही असे दिसते, ती काढून टाकावी काय?

हिशेबाच्या कोणत्याही जाणत्या माणसास यातील कच्चा दुवा लगेच दिसेल. वही खरी राहावयाची तर प्रत्येकाने जमा आणि नावे दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे केल्या पाहिजेत. येथे तसे घडतेच असे नाही. काही प्रोग्राम सामाईक फाईल आणतात, पण वहीत नोंद करीत नाहीत. काही एकदाच बसविलेले असतात, पण दोनदा नोंदले जातात. कधी माणूस ‘अनइन्स्टॉल’ न करता प्रोग्रामचा फोल्डरच हाताने पुसतो. मग माणूस निघून जातो आणि नाव वहीत राहते. अशा वहीतील शून्य म्हणजे ‘वापरणारे कोणी नाही’ याचा पुरावा नव्हे. ‘वापरणाऱ्याची नोंद नाही’ एवढेच त्यावरून कळते.

म्हणून त्या प्रश्नाला उत्तर देताना सौद्याचा विचार करावा. ‘नाही’ म्हटले, तर फार तर एक लहानशी फाईल विनाकारण पडून राहील. आजच्या साठवणीत तिची जागा नगण्य आहे. ‘होय’ म्हटले आणि नोंद चुकीची निघाली, तर दुकानाचे काम थांबेल. जेथे नफा पैशाचा आणि तोटा रुपयाचा, तो सौदा कोणी करीत नाही. खात्री नसेल तेथे ‘नाही’ हेच उत्तर द्यावे.

जगानेही हे ठेच लागूनच शिकले

ही अडचण केवळ लहान गावातील एखाद्या दुकानाची नाही. नव्वदच्या दशकात ती इतकी वाढली, की जाणकारांनी तिला ‘डीएलएलचा नरक’ असेच नाव दिले. एका प्रोग्रामाने आपली जुनी फाईल आणून नवी पुसावी आणि दुसरा बंद पडावा, असे वरचेवर होई. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या स्वतःच्या फायलींना संरक्षण दिले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच फायलीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदविण्याची सोय आली. तेव्हापासून ‘विनएसएक्सएस’ नावाचा एक फोल्डर विंडोजच्या पोटात असतो. तो फार मोठा दिसतो, म्हणून काही जण हाताने रिकामा करू पाहतात. तसे कधीही करू नये. त्यातील पुष्कळ फायली दोन ठिकाणी दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात एकदाच साठविलेल्या असतात. त्यामुळे त्याचा दिसणारा आकार खऱ्याहून अधिक असतो.

एक घटना विशेष बोलकी आहे. अडून बसलेले प्रोग्राम काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी’ नावाचे साधन दिले होते. त्याने काही अडचणी सुटत, परंतु संगणकावरील इतर घटकांचे कधीकधी नुकसान होई. अखेर २०१० मध्ये कंपनीने ते साधन मागे घेतले. ज्यांनी प्रणाली घडविली, त्यांचे साफसफाईचे साधनदेखील सामाईक घटकापाशी चुकत होते. मग इतरांनी किती जपावे, हे वेगळे सांगावयास नको.

मार्च २०१६ मध्ये तर याहून मोठा प्रसंग घडला. ‘एनपीएम’ हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे सामाईक भांडार आहे. एका लेखकाने वादातून तेथील आपले सर्व काम काढून घेतले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक घटक होता. अक्षरांच्या डावीकडे ठरावीक जागा सोडणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्या ११ ओळींवर मोठमोठे प्रकल्प उभे होते, आणि ते जगभर एकाएकी अडले. भांडाराने तो घटक परत ठेवला, तेव्हा कामे सुरळीत झाली; पुढे वस्तू अशी परस्पर काढून घेण्याचे नियमही बदलले. उपाय काय झाला, हे पाहण्यासारखे आहे. आधी काढलेली वस्तू जागेवर ठेवली; वाद आणि नियम यांचा विचार नंतर. घरच्या संगणकालाही हाच क्रम लागू पडतो.

पेढीच्या संगणकावरील चार विहिरी

पहिली विहीर म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’. प्रोग्रामांच्या यादीत हेच नाव २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा वर्षांसह अनेकदा दिसते. या दुबार नोंदी नसतात. प्रत्येक वर्षाचा संच वेगळा असून ज्या वर्षाच्या साधनांनी एखादा प्रोग्राम घडविला, त्याच वर्षाचा संच त्याला लागतो. २०१५ नंतरच्या आवृत्त्या मात्र एकाच संचात सामावल्या आहेत. नावापुढे ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ अशी खूणही असते. संगणक ६४ बिटांचा आहे, म्हणून ‘एक्स८६’ नको, असा समज चुकीचा आहे. ३२ बिटांचे जुने प्रोग्राम याच संचावर चालतात, आणि हिशेबाचे कितीतरी प्रोग्राम अजून तसेच आहेत.

दुसरी विहीर जावा. टीडीएसचे विवरणपत्र तयार करण्यासाठी प्रोटीयन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल, या संस्थेकडून विनामूल्य मिळणारे ‘आरपीयू’ हे साधन जावावर चालते. यादीत जावा स्वतंत्र दिसते, रोजच्या कामात ते कधी उघडावे लागत नाही, म्हणून ते निरुपयोगी भासते. तिमाहीतून एकदाच लागणारी वस्तू उरलेले तीन महिने निरुपयोगीच दिसणार.

तिसरी विहीर बिलाच्या प्रोग्रामाखाली दडलेली असते. ‘डॉटनेट’, ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’ आणि ‘एसक्यूएल सर्व्हर’ ही नावे दुकानदाराने कधी विकत घेतलेली नसतात. प्रोग्राम बसविताना ती सोबत आलेली असतात. डॉटनेटवर प्रोग्राम चालतो, क्रिस्टल रिपोर्ट्समुळे बिल कागदावर उतरते, आणि एसक्यूएल सर्व्हर खात्यांची माहिती सांभाळतो. ज्या प्रोग्रामाची माहिती एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे, तेथे तो काढणे म्हणजे मुनीमजींनाच रजा देण्यासारखे आहे. वह्या कपाटात असतील, परंतु त्या उघडून दाखविणारा कोणी उरणार नाही.

चौथी विहीर अगदी आपल्या भाषेची आहे. पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ यांच्या साहाय्याने मराठी टंकलेखनाची एक पिढी घडली. लग्नपत्रिका, समाजाच्या निर्देशिका, संस्थांची इतिवृत्ते या फॉण्टांत लिहिली गेली. त्या जुन्या पद्धतीत फायलीत प्रत्यक्ष मराठी अक्षर साठविलेले नसे. सांकेतिक खुणा साठविल्या जात आणि फॉण्ट त्यांना मराठी रूप देई. फॉण्ट हा सर्व प्रोग्रामांचा सामाईक घटक असल्याने टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर काढले आणि त्यासोबत त्याचे फॉण्ट गेले, की वर्षानुवर्षांचे कागद परकी अक्षरे आणि चिन्हे यांच्या गिचमिडीत बदलतात. अशा वेळी फाईल बिघडली असे समजून ती पुसू नये, आणि पुन्हा टंकलेखनही करू नये. मजकूर शाबूत असतो. मूळ फॉण्ट परत बसविला, की तो पूर्ववत वाचता येतो.

युनिकोडमध्ये ही अडचण नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. त्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एक फॉण्ट गेला तरी दुसरा त्याची जागा घेतो. तरीही एक लहानसा फरक जाणवू शकतो. ज्येष्ठ अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा फॉण्ट विंडोज २००० पासून घरोघरी पोहोचला. परंतु विंडोज १० मध्ये तो ऐच्छिक घटकांत गेला. नव्या संगणकावर जुन्या पत्राची मांडणी बदललेली दिसली, तर सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’ या भागातून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉण्ट्स’ घ्यावे. मंगल परत येतो.

बिघाड झाला, तर क्रम कोणता?

सर्वप्रथम हात आवरावा. एक घटक काढून काम अडले, की घाबरून आणखी चार काढले जातात, आणि मग मूळ बिघाड कोणता हेच कळेनासे होते. पडद्यावर आलेला संदेश मोबाईलने टिपून ठेवावा. त्यातील फायलीचे नाव आणि क्रमांक हाच रोगनिदानाचा आधार असतो. त्यानंतर खात्यांच्या माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून तो संगणकापासून वेगळा ठेवावा. प्रोग्राम पुन्हा मिळतो. वर्षभराचे हिशेब पुन्हा मिळत नाहीत.

दुसरी पायरी म्हणजे काढलेली वस्तू परत ठेवणे. संदेशात ‘एमएसव्हीसीआर’ या नावापुढे १०० असेल, तर २०१० चा संच हवा. ११० असेल तर २०१२ चा, १२० असेल तर २०१३ चा. ‘व्हीसीरनटाइम’ किंवा ‘एमएसव्हीसीपी’ यांपुढे १४० असेल, तर २०१५ पासूनचा एकत्रित संच हवा. हे संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि ६४ बिटांच्या संगणकावर दोन्ही प्रकारांचे बसवावे. एकटी डीएलएल फाईल फुकट देणारी अनोळखी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ती फाईल चुकीच्या आवृत्तीची निघते, किंवा तिच्यासोबत उपद्रवी प्रोग्राम घरात येतो. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

जावा गेले असेल, तर विवरणपत्राच्या साधनासोबतच्या सूचनांत जी आवृत्ती सांगितली आहे, तीच बसवावी. डॉटनेट ३.५ विंडोजच्या ‘फीचर्स’ या यादीतून पुन्हा सुरू करता येते. बिलाच्या प्रोग्रामाचे उरलेले घटक त्याच्या मूळ सेटअपमध्येच असतात. तो सेटअप पुन्हा चालवून ‘रिपेअर’ निवडले, की बहुतेक वेळा काम होते. मात्र माहितीची प्रत काढल्यावाचून हे करू नये.

नेमके काय काढले हे आठवतच नसेल, तर ‘सिस्टिम रिस्टोअर’ उपयोगी पडते. ते संगणकाची व्यवस्था मागील एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेते आणि पत्रे, छायाचित्रे यांना हात लावीत नाही. परंतु ही सोय आधीपासून सुरू असली पाहिजे. अनेक संगणकांवर ती बंद असते. विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्याची शंका असेल, तर प्रथम ‘डिझम’ आणि मग ‘एसएफसी’ ही दोन तपासणी-साधने चालवावी. येथे एक गैरसमज टाळावा. ही साधने केवळ विंडोजच्या मालकीच्या फायली दुरुस्त करतात. काढून टाकलेला व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच किंवा जावा ती परत आणीत नाहीत.

काढताना अडथळा येतो तेव्हा

कधी उलट घडते. एखादा घटक काढणे खरोखरच आवश्यक असते आणि तो निघत नाही. अशा वेळी संदेशातील क्रमांक वाट दाखवितो. १६१८ म्हणजे दुसरे काही बसविण्याचे किंवा काढण्याचे काम आधीच चालू आहे. ते संपू द्यावे, अथवा संगणक पुन्हा सुरू करावा. १६१२ म्हणजे मूळ सेटअपची फाईल सापडत नाही. विंडोजच्या पोटातील ‘इन्स्टॉलर’ नावाचा लपविलेला फोल्डर साफसफाईत रिकामा केला असेल, तर हा दोष हमखास येतो. त्याच आवृत्तीचा मूळ सेटअप मिळवून आधी दुरुस्ती करावी, मग काढावे. १६०५ म्हणजे यादीत नाव आहे, पण वस्तू बसविल्याची नोंद नाही. तीच आवृत्ती पुन्हा बसवून रीतसर काढल्यास नोंद जुळते. १६०३ हा सर्वसाधारण अपयशाचा क्रमांक आहे. तो आला, तर साठवणीत जागा आहे काय, काढणाऱ्याकडे प्रशासकाचा अधिकार आहे काय, हे आधी पाहावे.

‘फाईल वापरात आहे’ असा संदेश आला, तर सर्व प्रोग्राम बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि दुसरे काहीही न उघडता तो घटक काढावा. पुष्कळ जण यासाठी ‘सेफ मोड’ सुचवितात. परंतु त्या अवस्थेत विंडोज इन्स्टॉलरची सेवाच सहसा बंद असते, त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम तेथे निघत नाहीत. नोंदी अगदीच अडल्या असतील, तर प्रोग्राम बसविणे व काढणे यांसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले दुरुस्ती-साधन वापरावे. रजिस्ट्रीतील नोंदी हाताने पुसणे, किंवा एका कळीत संगणक स्वच्छ करून देण्याचे आश्वासन देणारे प्रोग्राम घेणे, हे दोन्ही टाळावे. रजिस्ट्रीतील चार अनावश्यक नोंदी पुसून संगणकाचा वेग काही जाणवण्याइतका वाढत नाही, आणि एक आवश्यक नोंद गेली तर दिवस जातो.

सर्व काही जपूनच ठेवावे, असाही याचा अर्थ नाही. काही विहिरी बुजविण्याजोग्या असतात. ‘अडोबी फ्लॅश प्लेअर’ हा एके काळचा मोठा सामाईक घटक होता. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि पुढील महिन्यात त्यातील मजकूर चालणेही थांबविण्यात आले. तो अद्याप कोठे शिल्लक असेल, तर काढावा, कारण ज्याची दुरुस्ती होत नाही तो घटक चोरवाट ठरतो. जावाच्या अनेक जुन्या आवृत्त्या साचल्या असतील, तर विवरणपत्राच्या साधनाला कोणती लागते ते पाहून उरलेल्या काढाव्या. जुने ते सोने आणि जुने ते अडगळ, या दोन्ही म्हणी घरात चालतात. कोणती कोठे लावावी, हे वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे यावर ठरते.

दुकानाच्या वह्यांत एक लहान वही

या सर्व त्रासावर एक साधा उपाय आहे, आणि तो व्यापारी घरांच्या हाडीमाशी आहे: नोंद. एक लहान वही संगणकाजवळ ठेवावी. कोणता प्रोग्राम कोणत्या तारखेस बसविला, कोणी बसविला, त्यासोबत यादीत कोणकोणती नावे वाढली, परवान्याचा क्रमांक कोणता, मूळ सेटअप कोठे ठेवला आहे, हे तीत लिहावे. काही काढले, तर तेही तारखेसह लिहावे. विंडोजची स्वतःची मोजणी चुकू शकते. घरची वही तिचा ताळा ठरते. जुन्या फॉण्टांतील महत्त्वाच्या कागदांची नावेही तीत असावी. सवडीने ते युनिकोडमध्ये रूपांतरित करावे आणि प्रत्येकाची एक पीडीएफ प्रत ठेवावी; नावे, रकमा आणि जोडाक्षरे मात्र रूपांतरानंतर मुळाशी ताडून पाहावी.

साफसफाईचा दिवसही ठरवून घ्यावा. तिमाही विवरणपत्रांच्या अखेरच्या तारखा, म्हणजे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे, या जवळ आल्या असताना संगणकातून काहीही काढू नये. विवरणपत्र भरून पोहोच हाती आल्यानंतरचा एखादा निवांत दिवस बरा. त्या दिवशी आधी माहितीची प्रत काढावी, मग रिस्टोअर पॉइंट तयार करावा, आणि एका वेळी एकच घटक काढावा. प्रत्येक घटकानंतर संगणक पुन्हा सुरू करून चार गोष्टी पाहाव्या: खाते उघडते काय, बिल छापले जाते काय, विवरणपत्राचे साधन चालते काय, आणि एक जुने मराठी पत्र वाचता येते काय. चारही जमले, तरच पुढील घटकाला हात घालावा.

यात पिढ्यांनी परस्परांना दोष देण्यासारखे काही नाही. तरुणांना यंत्राची ओळख असते. वडिलांना, मुनीमजींना किंवा हिशेब पाहणाऱ्या सुनेला कोणती वस्तू वर्षातून कोणत्या दिवशी लागते, हे ठाऊक असते. ‘काढू काय?’ असा प्रश्न संगणक ज्याला विचारतो, त्याने उत्तर देण्यापूर्वी तोच प्रश्न घरातील दुसऱ्याला विचारावा. कळ दाबण्यास एक क्षण लागतो. विचारण्यास दोन लागतील. पण दुकान दुसऱ्या दिवशीही उघडे राहील.